पाच पाऊणे पावणेचार

आउटबोर्ड मशीन सुरू असलं की त्याच्या मागच्या अंगाने पाण्याची एक धार सतत पडत असते. करंगळीपेक्षाही बारीक. मशीन खालून खाडीचंच पाणी ओढतं, ते आत फिरवून स्वतःला थंड ठेवतं आणि त्यातलं थोडं या धारेने बाहेर टाकतं. बोट चालवणाऱ्याने दर दोन-पाच मिनिटांनी मान वळवून ती धार बघायची असते. धार पडतेय म्हणजे मशीनची नाडी लागतेय.

गेल्या मार्गशीर्षात, वद्य पंचमीच्या सकाळी, मी मागे वळून बघितलं तर धार नव्हती.

आम्ही दोघंच होतो. मी आणि माझा आतेभाऊ. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. बोट अठरा फुटी, फायबरची, बुडाला चपटी, तिला पंधरा हॉर्सपॉवरचं मशीन. चिपळूणच्या खालच्या अंगाला गोवळकोटच्या धक्क्यावरून निघायचं, वाशिष्ठीच्या खाडीने दाभोळपर्यंत जायचं, रात्री बोटीतच काढायच्या आणि चौथ्या दिवशी घरी यायचं, असा बेत होता. कित्येक वर्षं मनात होता. आमचं मूळ घर याच खाडीच्या काठावर आहे आणि तरीही आमच्यापैकी कुणी दाभोळला पाण्याने गेलं नव्हतं. एस.टी.ने गेलो, गाडीने गेलो. आजोबा मात्र पाण्यानेच जायचे. मुंबईची आगबोट दाभोळला लागायची आणि चिपळूणकडची माणसं गोवळकोटाहून होडीने खाली उतरून ती गाठायची. आमच्या घराचं तोंड आजही खाडीकडे आहे. पडवी, अंगण, अंगणातून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या, सगळं त्या बाजूला. रस्ता नंतर आला आणि तो आला परसाकडून. आता पोस्टमनही परसातून येतो, पाहुणेही तिकडूनच येतात आणि पायऱ्यांवर शेवाळ धरलंय. हे मला फार लागतं. आपल्या घराकडे आपण पाठीमागून येतो, असं वाटतं.

तर धार थांबली होती. मशीन लगेच बंद केलं. दोन मिनिटं जरी तसंच चालवलं असतं तरी आतलं सगळं भाजून निघालं असतं. ओहोटीचा ओढ होता, बोट वाहायला लागली. दादाने नांगर टाकला. आम्ही एका वळणावर होतो आणि वळणाच्या आतल्या अंगाला, तिवरांच्या म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या जवळ, पाणी संथ दिसलं म्हणून तिथेच थांबलो. ही पहिली चूक. नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला पाणी खोल असतं, कारण ओढ तिकडे असतो. आतल्या काठाला गाळ बसतो. हे मला माहीत होतं. पण मशीन गरम होऊन वास मारायला लागलं की माहीत असलेलं आठवत नाही.

मशीन उचलून आडवं केलं. पंख्याच्या वरच्या बाजूला, पाणी आत जायच्या जाळीवर, दुधाची फाटकी पिशवी घट्ट चिकटली होती. इथल्या तिवरांच्या फांद्या बघितल्या तर कळतं ही पिशवी कुठून आली ते. दर पावसाळ्यात चिपळूणचं पाणी सगळा कचरा घेऊन खाली येतं, आणि पाणी ओसरलं की तो फांद्यांना लटकत राहतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर झाडांना पानांपेक्षा चिंध्या जास्त होत्या. पिशवी सोडवली, मशीन खाली टाकून सुरू केलं. धार नाही. पुन्हा बंद. आता धारेचं तोंडच गाळाने बुजलं असणार. दादाने डब्यातून एक बारीक तार काढली, गजरा ओवायची असते तशी, आणि ती त्या इवल्याशा भोकात हळूहळू फिरवायला लागला. आधी काळा चिखल आला, मग थेंब, मग पुन्हा चिखल. एकदा तार आतच अडकली. तो काही न बोलता, ओठ दाताखाली धरून काम करत होता आणि मी त्याच्या हातांकडे बघत होतो. चाळीस मिनिटं गेली. मशीन सुरू केलं, धार सपकन् बाहेर आली, चांगली हातभर लांब. आम्ही दोघेही मोठ्याने हसलो.

आणि बोट हलेना.

वाकून बघितलं तर खाली वीतभर पाणी. वल्हं टेकवलं तर ते लोण्यात सुरी जावी तसं चिखलात गेलं. लोटायला उतरायचा प्रश्नच नव्हता. एक तर माणूस कमरेपर्यंत रुतला असता, आणि दुसरं म्हणजे या खाडीत मगरी आहेत. अर्ध्या तासाने समोरच्या काठावर एक दिसलीही. ओहोटीला पडलेल्या चिखलावर ऊन खायला आली होती. आधी ती ओंडक्यासारखी दिसली, मग ओंडक्याने जबडा उघडला आणि तसाच उघडा ठेवला. दादाने पाय आपसूक आत घेतले.

सकाळचे नऊ वाजले होते. फोनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितलं. दाभोळला दहाच्या सुमाराला ओहोटी पूर्ण. म्हणजे दहाला पाणी फिरणार आणि अकरा-साडेअकरापर्यंत आपण तरंगणार, असा हिशेब मांडला आणि चहा टाकला.

दहा वाजले. पाणी उतरतच होतं. साडेदहा झाले तरी उतरत होतं. बोट आता पुरती चिखलावर बसली होती, एका अंगाला कललेली, आणि पाण्याची कड आमच्यापासून पन्नास-साठ फूट लांब गेली होती.

त्या दोन-अडीच तासांत मी जे बघितलं, ते चालत्या बोटीतून कधीच दिसलं नसतं. चिखल आधी नुसता चकाकतो, सपाट आणि मेलेला वाटतो. मग कान सरावले की त्यातून आवाज यायला लागतो, तेल तापल्यावर मोहरी तडतडावी तसा, पण फार हलका. चिखलाला हजारो भोकं असतात आणि प्रत्येक भोकात कुणीतरी राहत असतं. निवट्या बाहेर आल्या. बोटभर मासा, डोळे डोक्यावर, पुढचे पर कोपरासारखे टेकून चिखलावर चालणारा. दोन निवट्या समोरासमोर आल्या की पाठीवरचं शीड उभं करायच्या, क्षणभर तशाच थांबायच्या आणि मग एक उडी मारून बाजूला व्हायची. त्यांच्यामध्ये नखाएवढे खेकडे. नराचा एक डेंगा अंगापेक्षा मोठा, पांढरट. तो डेंगा ते वर-खाली करत होते, सगळे मिळून, जणू पलीकडच्या काठावरच्या कुणाला बोलावत होते. मी जरा हललो की सगळे एका क्षणात भोकात. दहा श्वास मोजायचे, मग पहिला डोळा वर यायचा.

तिवराची मुळंही तेव्हाच नीट दिसली. जमिनीतून वर आलेली, पेन्सिलीसारखी, शेकड्याने. झाड त्यांनी श्वास घेतं, कारण या चिखलात हवा नसते. चिपीची तशीच, पण जाडजूड. कांदळाची वेगळी, वरून खाली आलेली, तंबूच्या दोऱ्यांसारखी ताणलेली. लहानपणी आम्ही या सगळ्यालाच ‘खारवट’ म्हणून मोकळे व्हायचो.

साडेदहाच्या सुमाराला तीन बायका काठाने आल्या. गुडघ्यापर्यंत खोचलेली लुगडी, कमरेला टोपली, हातात लोखंडी सळईचा वाकवलेला तुकडा. शिंपल्या काढायला आल्या होत्या. मला वाटलं, त्या रुतणार. पण त्या एका ठरावीक रेषेवरून चालत आल्या, जशी घरातली माणसं अंधारात स्वयंपाकघरात जातात तशी, आणि आमच्यापासून वीस फुटांवर थांबल्या. तिथे चिखलाखाली वाळू होती. बोट तिथे लावली असती तर आम्ही उतरून आरामात लोटू शकलो असतो.

त्यांतली सगळ्यात म्हातारी बोटीकडे बघत म्हणाली, ‘‘कवाधरनं बसलाव?’’

‘‘नऊपासून, मावशी. आता पाणी फिरेल ना? दहाची ओहोटी होती.’’

‘‘ती दाभोळात. आज पाचम न्हाय का? दाभोळात पावनेचारला पुरा भरतंय, हितं यायाला पाच. तवा सुकती पन तशीच उशिरा. अजून आर्धा-पाऊन तास जाईल उतरत. चढाया लागला मंजे मंग बगत ऱ्हावा, भराभर चढंल.’’

आणि ती खाली वाकून सळईने चिखल ओढायला लागली.

पावणेचार. तिने तो आकडा असा सहज टाकला, आणि मला एकदम आमची पडवी दिसली. तिन्हीसांजेची वेळ, दिवा लागलेला, आम्ही पाच-सहा नातवंडं ओळीने बसलेलो आणि आजोबा झोपाळ्यावर. परवचा चालू. पावकी झाली, निमकी झाली, मग पाऊणकी. बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार. सवायकी, दिडकी चुकली तर आजोबा सोडून द्यायचे. पाऊणकीत चूक खपायची नाही. सहा पाऊणे साडेचार, सात पाऊणे सव्वापाच. पुन्हा म्हणा. आठ पाऊणे सहा. पुन्हा. शाळेत मला पाऊणकी कधी लागली नाही, पुढे बँकेत तीस वर्षं आकडेमोड केली तिथेही लागली नाही. मला वाटायचं, आजोबांना उगाच तिचं वेड होतं.

तिथी गुणिले पाऊण. भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला पाणी भरणार, दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा. चंद्र रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागून रोज तेवढीच मागे सरकते, म्हणून ही पाऊणकी. आजोबा झोपाळ्यावर तोंड खाडीकडे करून बसायचे. आम्हाला गणित शिकवत नव्हते ते. समोरच्या पाण्याचं घड्याळ आमच्या तोंडात बसवत होते. आणि ते कशाचं आहे हे त्यांनी सांगितलं नाही, कारण खाडीच्या काठावरच्या मुलाला ते सांगावं लागेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मी दादाकडे बघितलं. त्याच्याही डोक्यात तेच चाललं होतं. तो चिखलाकडे बघत हळू आवाजात म्हणाला, ‘‘नवा पाऊणे पावणेसात.’’

मावशी म्हणाली तसंच झालं. सव्वाअकराला पाण्याची कड थांबली. काही वेळ नुसती थांबून राहिली. मग एक खेकड्याचं भोक भरलं, मग शेजारचं. पाणी लाटेसारखं येत नाही, चिखलाच्या बारीक-बारीक चरांतून बोटं घालत येतं. बायका कधी निघून गेल्या ते कळलंही नाही, टोपल्यांचे ओले ठिपके तेवढे काठावर राहिले. सव्वाला बोट सरळ झाली, एकदा कुंथली आणि तरंगली.

त्यानंतरचे दिवस आम्ही त्या पाढ्यावरच काढले.

बोटीतलं रोजचं जगणं सांगण्यासारखं फार नाही, पण ज्यांना असं जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन बांबू वाकवून त्यावर ताडपत्री टाकली की झोपायची खोली. छोटा गॅस वाऱ्याला टिकत नाही, त्याला पत्र्याचा आडोसा लागतो. खारा वारा दुपारी बारानंतर उठतो आणि संध्याकाळपर्यंत तोंडावर येतो, म्हणून खाली उतरायचं ते सकाळीच, मतलईवर, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर. गोडं पाणी दोघांना चार दिवसांना साठ लिटर नेलं होतं, आंघोळ तांब्याभर पाण्यात. मच्छरदाणी विसरली तर परत फिरावं. सगळं दमट असतं, कपडे, काड्यापेटी, चादर, मीठ. आणि पेट्रोलसुद्धा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी मशीन चालता चालता धापा टाकायला लागलं तेव्हा फिल्टरच्या काचेत तळाला पाण्याचा थर दिसला. तो काढून टाकला की मशीन पुन्हा नीट. डबे शक्यतो भरलेले ठेवायचे, अर्धवट ठेवायचे नाहीत, म्हणजे आत दमट हवा कमी राहते.

नांगराचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. पहिल्या रात्री आम्ही दोन पुरुष खोल पाण्यात नांगर टाकला आणि दोर सोडला जेमतेम तेवढाच. संध्याकाळी ओहोटी होती, बोट तोंड वर करून छान उभी राहिली. रात्री पाणी फिरलं. भरती आली की बोट गर्रकन् उलटी फिरते, दोर दुसऱ्या बाजूने ताणला जातो आणि पाणीही वाढत जातं. आखूड दोराने नांगर वर उपटला गेला. मला जाग आली ती तोंडावर पानं घासल्याने. ताडपत्रीत कांदळाची फांदी शिरली होती आणि बोट झाडांत घुसून बसली होती. अंधारात विजेरी लावून, फांद्या हातांनी ढकलत, वल्ह्याने मागे सरत बाहेर पडायला पाऊण तास लागला. माझ्या डाव्या दंडावर अजून ओरखडा आहे. पाणी जितकं खोल त्याच्या पाचपट तरी दोर सोडायचा, आणि खोली मोजायची ती भरतीची, आता आहे ती नाही. त्या रात्रीनंतर मी नांगर टाकला की आधी तिथी मनात म्हणतो.

खेडकडून येणारी जगबुडी नदी मिळाली की खाडी एकदम मोठी होते. काठ लांब जातात, पाण्याचा रंग बदलतो, बोटीखालची लाट वेगळी लागते. बोय मासे पाण्याबाहेर तीन-तीन उड्या मारत जातात. परचुरीच्या पुढे एका डोंगरकड्यावरच्या झाडात पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं घरटं दिसलं, एवढं मोठं की दादाला ते गवताची उडवीच वाटलं. गावं दिसतात ती सगळी पाण्याकडे तोंड करून बसलेली. मशीद, देऊळ, धक्का, माडांची रांग. आणि जवळ गेलं की कळतं, धक्क्याला तडे गेलेत, पायऱ्या गाळात बुडाल्यात, दिवे लागतात ते मागच्या रस्त्याच्या बाजूला. प्रत्येक गावापाशी मला आमचंच घर आठवत होतं.

दाभोळ पाण्यावरून बघावं. आधी मशिदीचा घुमट आणि मिनार दिसतात, मग धक्का. हे केवढं मोठं बंदर होतं! रशियातला व्यापारी आफानासी निकितिन पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरून परत निघाला तो इथूनच जहाजात बसला. डिसेंबर १५०८ च्या अखेरीला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाने हे शहर जाळलं. ही मशीद त्यानंतरची, सतराव्या शतकातली. आता त्याच पाण्यात दाभोळ-धोपावे फेरीबोट गाड्या घेऊन इकडून तिकडे जाते. पलीकडे अंजनवेलला गोपाळगड, त्याच्या पुढे टोळकेश्वराचं दीपगृह आणि मग उघडा समुद्र. मुखाशी वाळूच्या भाटीवर लाटा पांढऱ्या फुटत होत्या. आम्ही तिथवर गेलो, बघितलं आणि मागे वळलो. आमची बोट खाडीची आहे. आजी जिवंत असेपर्यंत ‘रामदास’चं नाव निघालं की हातातलं काम खाली ठेवायची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात आमच्या घरचं कुणी नव्हतं. पण आगबोटीवर जगणाऱ्या किनाऱ्यावर प्रत्येक घराने ते आपलंच मानलं होतं.

दाभोळच्या धक्क्याजवळच तिसरी अडचण आली. फेरीबोटीची लाट आली, गॅसवरचं भाताचं पातेलं कलंडलं, मी ते धरायला गेलो आणि तेवढ्यात मशीन खरखर करून बंद पडलं. पंख्यात जाळं. कुणाच्या तरी जुन्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा पाण्याखाली तरंगत होता, तो पंख्याच्या दांड्यावर असा पिळला गेला होता की नारळाच्या सुंभासारखा कडक झाला होता. घर्षणाने नायलॉन वितळून चिकटलेलं. आमची चाकू त्यावर घसरत होती.

बाजूच्या नांगरलेल्या बोटीवर एक वयस्क तांडेल जाळं सांधत बसले होते. आम्ही चाचा म्हणून हाक मारली. ते होडीतून आले, बरोबर कोयती आणि एक जुनी करवतीची पट्टी. पंख्याकडे न बघता आधी विचारलं, ‘‘आज तिथ कंची?’’

‘‘सप्तमी,’’ दादा म्हणाला.

चाचांनी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. ‘‘सात पाऊने सव्वापाच. मंजे आता पानी चढता हाय. घाई नको. ओहोटी असती तर तुम्हाला भायर ओढीत नेली असती.’’ मग ते पंख्याकडे वळले. नायलॉनचा एकेक पीळ पट्टीने कापायचा, कोयतीच्या टोकाने उचकटायचा, पुन्हा कापायचा. वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी दांड्याजवळचा रबरी सील बोटाने चाचपून बघितला, तेल गळतंय का ते दोनदा पुसून बघितलं आणि मान डोलावली. पैसे काही केल्या घेतले नाहीत. उलट आम्हाला दोन बोय दिले.

त्या संध्याकाळी धक्क्यावर बसून त्यांनी आम्हाला जे शिकवलं, त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. पाऊणकी दाभोळची, हे पहिलं. वर जाशील तसा वेळ वाढवायचा, मालदोलीला तास-सव्वा तास, गोवळकोटाला त्याहून जास्त. वरच्या अंगाला भरती थोडा वेळ चढते पण जोरात, ओहोटी जास्त वेळ उतरते, म्हणून वर जाणाऱ्याने भरतीची सुरुवात गाठायची. पुनवेला-अवसेला उधाण, पाणी खूप चढतं, खूप उतरतं. अष्टमीला भांग, ना फार चढ, ना फार उतार, खाडीत शिरणाऱ्या नवख्याने भांगातच शिरावं. आणि उधाणाच्या भरतीच्या माथ्यावर कधी बोट गाळावर चढवू नये, कारण दुसऱ्या दिवसापासून भरती कमी-कमी होत जाते आणि बोट पंधरा दिवस तिथेच बसते. आम्ही पंचमीला अडकलो होतो, तेही ओहोटी बरीच उतरल्यावर, म्हणून चार तासांत सुटलो.

‘‘आणि गोवळकोटाच्या वर?’’ मी विचारलं.

चाचा हसले. ‘‘तिथं चंद्र पुरत न्हाई. तिथं कोयनेला विचारायचा.’’

वाशिष्ठीला पाणी दोन बाजूंनी येतं. खालून समुद्राचं. वरून कोयनेचं. कोयना मुळात कृष्णेला मिळणारी, पूर्वेकडची नदी. तिचं अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला काढलं, पोफळीच्या बाजूच्या वीजघरांतून खाली सोडलं आणि ते येतं वाशिष्ठीत. ही वीज मागणी वाढली की जास्त तयार होते, कमी झाली की कमी. त्यामुळे भर वैशाखातही वाशिष्ठी आटत नाही, आणि चिपळूणपाशी पाणी चढतं-उतरतं ते तिथीबरोबर महाराष्ट्रातल्या दिव्यापंख्यांच्या हिशेबानेही. आजोबांच्या पाऊणकीत हे पाणी नव्हतं. चाचांच्या हिशेबात होतं. त्यांनी ते वेगळं मिळवून घेतलं होतं, कुठल्याही पुस्तकाशिवाय, वर जाऊन-येऊन.

मी त्यांना विचारलं, हे तुमच्या मुलांना येतं का. थोरला आखातात, धाकटा रत्नागिरीला नोकरीला. ‘‘फोनवर दिसतो ना आता टाइम,’’ ते म्हणाले. तक्रार नव्हती आवाजात. माझ्या मनात मात्र होती आणि अजून आहे. फोनवर दिसतो तो बंदराचा टाइम. त्या तिवरांच्या वळणाचा टाइम त्या मावशीकडे आहे, चिखलाखालची वाळूची रेषा तिच्या पायांत आहे. हे सगळं एका पिढीच्या अंतरावर येऊन थांबलंय. ते कुणीतरी बसून विचारून घेतलं पाहिजे, गावागावांतून, तिथी आणि ठिकाण घालून लिहून ठेवलं पाहिजे. मी वहीची दोन पानं तिथेच धक्क्यावर भरली. चाचांनी खाडीचा नकाशा ओल्या फरशीवर बोटाने काढून दाखवला आणि मी तो उतरवून घेईपर्यंत अर्धा वाळून गेला, तेव्हा त्यांनी पुन्हा काढला.

अष्टमीला परत निघालो. आठ पाऊणे सहा. दाभोळला बाराच्या सुमाराला पाणी फिरलं, तासाभराने आम्ही नांगर उचलला आणि चढत्या पाण्याबरोबर वर आलो. मागून खारा वारा, खालून भरती, मशीन निम्म्यावर ठेवलं तरी काठ भराभर मागे जात होते. मी दर दोन-पाच मिनिटांनी मागे वळून धार बघत होतो.

मालदोलीच्या वरच्या त्या वळणाला पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आम्ही ते ओळखलं समोरच्या काठावरून, जिथे मगर पडली होती. चिखल, निवट्या, भोकं, वाळूची रेषा, सगळ्यावर तपकिरी पाणी सपाट पसरलं होतं आणि तिवरं गुडघाभर बुडाली होती. तिथे काही आहे असं कुणाला सांगूनही पटलं नसतं. दादाने मशीन बंद करायला सांगितलं. त्याने बांबू उचलला, टोकाजवळ धरून आमच्या जागेवर पाण्यात सोडला. मनगट भिजलं तरी बांबू टेकला नाही.

‘‘अजून दोन-अडीच तास चढेल,’’ तो म्हणाला. मग बांबू वर ओढला, पाणी झटकलं आणि त्याच्या नातवाला फोन लावला. रेंज एकच काडी होती. पलीकडून मुलाचा आवाज तुटक येत होता आणि दादा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, त्याला सांगत होता, ‘‘म्हण माझ्या मागून. एक पाऊण पाऊण. बे पाऊणे दीड.’’